सुनेच्या गाडीची थरथर

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर कुणी ऐकलेली नाही. मुलाने नाही, सुनेने नाही. शेजारच्या कौसाबाईला मी माझ्या पोटदुखीपासून सगळं सांगते, तिलाही नाही. देवापुढे बसले तरी ही गोष्ट मी ओलांडून पुढे जाते. आज सांगायला बसले आहे तर मध्ये काही विचारू नका. मध्ये कुणी बोललं की मी विषय बदलते — ती माझी जुनी खोड आहे, आणि त्या खोडीनेच हे सगळं झालं.

तर गाडी. आमच्या घरात अजूनही हा विषय निघाला की सगळे गाडीबद्दलच बोलतात. मीही बोलते.

नगरहून येताना करंजीचा घाट उतरला की लगेच आमची वस्ती. माझी सून अर्चना नगरला एका लॅबमध्ये कामाला होती. लोकांचं रक्त काढायचं, तपासायचं. रक्त द्यायला माणसं सकाळी उपाशीपोटी येतात, त्यामुळे तिला उजाडताच पोचावं लागे. त्या वेळेला आमच्या फाट्यावर एसटी नसते. म्हणून तिने गाडी घेतली. स्वतःच्या पगारावर आणि स्वतःच्या नावावर. पांढरी. माझा मुलगा संतोष याचं तिसगावला खता-बियाण्याचं दुकान आहे, तो मोटरसायकलवर जायचा. म्हणजे गाडी होती ती तिचीच, आणि चालवायचीही तीच. आमच्या वस्तीवर गाडी चालवणारी ती पहिली बाई. मला रस्त्यात अडवून बायका विचारायच्या — तुमची सून एकटी जाती व्हय घाटानं? मी म्हणायचे, जाती. त्यात अभिमान किती आणि चडफड किती, ते मला त्या वेळी सांगता आलं नसतं. आज सांगता येईल. निम्मं निम्मं.

पहिलं वर्ष चांगलं गेलं. मग थरथर सुरू झाली.

मी चौथी शिकले आहे. गाडीतलं मला काय कळणार? पण त्या काळात घरात दुसरं बोलणंच नव्हतं, त्यामुळे मला सगळं पाठ झालं. नगरच्या बाहेर पडलं की रस्ता मोकळा मिळतो. गाडी जोरात आहे आणि पुढे काही आडवं आलं म्हणून ब्रेक दाबला — की स्टेअरिंग हातात थरथरायला लागायचं. जात्याचा खुंटा ढिला झाला की दळताना हाताला जसं लागतं तसं, असं मी समजून घेतलं. पायाखालचं पायडल उलटं ठोके द्यायचं. हळू चालवताना काही नाही. जोरात असली आणि ब्रेक दाबला नाही तरीही काही नाही. दोन्ही एकत्र आलं की मगच. गाडीत बसलेल्या माणसाचे दात वाजतील इतकं.

तिसगावच्या बाबू मिस्त्रीकडे गाडी गेली. त्याने आधी चाकं काढून बॅलन्सिंग केलं, चाकांच्या कडेला शिशाचे तुकडे लावले. थरथर तशीच. मग अलाइनमेंट. तशीच. मग म्हणाला, ब्रेक दाबल्यावरच हलते म्हणजे दोष ब्रेकात आहे. अरे, हे तर तिने पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. मग आधी चाकांना शिसं कशाला लावलं? संतोष घरी येऊन त्याच्या नावाने बोटं मोडायचा आणि दुसऱ्या दिवशी गाडी परत त्याच्याकडेच न्यायचा. ब्रेकचे पॅड बदलले. पंधरवडा बरा गेला. परत सुरू.

मग निघाली डिस्क. पुढच्या चाकांच्या आत एक लोखंडी ताटली असते आणि चाकाबरोबर फिरते. ब्रेक दाबला की दोन्हीकडून पॅड तिला चिमटीत धरतात आणि गाडी थांबते. ताटली सरळ असली तर गुमान थांबते. ती केसभर वाकडी झाली, किंवा कुठे जाड कुठे पातळ झाली, की चिमटा धरतो-सुटतो, धरतो-सुटतो — तीच थरथर. आमच्या गाडीच्या दोन्ही ताटल्या वाकड्या निघाल्या. नगरला नेऊन लेथ मशीनवर घासून आणल्या. गाडी लोण्यासारखी झाली. अर्चना इतकी खूश होती की तिने येताना पेढे आणले.

आणि परत थरथर.

किती वैताग येतो, सांगू? दुखणं कळलं आहे, औषध कळलं आहे, औषध दिलं की बरं वाटतं, आणि थोड्या दिवसांनी दुखणं दारात हजर. नव्या डिस्का टाकल्या. त्याही गेल्या. बाबू मिस्त्री म्हणायचा माल खराब आला. संतोष म्हणायचा बाबू खराब. आणि मग, दोघांनाही दुसरं काही सुचेना तेव्हा, दोघं अर्चनाच्या पायाकडे बघायला लागले.

"तू घाटात ब्रेकवर उभीच ऱ्हातीस," संतोष म्हणाला.

"तिसऱ्या गिअरमधी उतरते मी. बसा बाजूला, बघा."

तो बसला. घाट उतरून दोघं घरी आले. मी विचारलं, कशी चालवली? तो म्हणाला, नीट चालवली. मग चप्पल काढता काढता म्हणाला, "मी बसलो हुतो म्हनून."

याला कुणी काय उत्तर द्यावं? ती आत निघून गेली.

आता माझ्याकडे येते. किती वेळ गाडीच्या मागे लपून राहू?

आमच्या घरात लांबून आलेल्या माणसाच्या पायावर आधी पाणी घालतात. माझी सासू घालायची. मालक बैलगाडी घेऊन नगरच्या बाजारातून आले की आधी बैलांच्या खुरांवर पाणी, मग मालकांच्या पायांवर, मग घरात पाऊल. बैल गेले, मालक गेले. गाडी आली त्या दिवशी मी भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला आणि तांब्याभर पाणी चाकांवर घातलं. सगळ्यांनी पाहिलं. अर्चना हसली. म्हणाली, "आत्या, गाडीला बी पाय हायेत व्हय?" आमच्याकडे सुना सासूला आत्या म्हणतात.

त्यानंतर बरेच दिवस मी काही घातलं नाही. मग एका संध्याकाळी ती गाडी लावून आत गेली आणि मी पुढच्या चाकाजवळून चालले होते. चाकातून जळका वास येत होता. हात जवळ नेला तर चटका. घाट उतरून आलेली गाडी, तापणारच. पण मला ते धापा टाकणारं जनावर वाटलं. अंगणात सडा मारायला हौदातून बादली भरलेली होती. ती मी चाकांच्या फटीतून आत ओतली, पुढच्या दोन्ही चाकांवर. चर्र आवाज झाला, वाफ निघाली, वास बसला. मला बरं वाटलं. कुणाची तरी सेवा केली असं वाटलं.

मग रोजच करायला लागले. अर्चना गाडीतून उतरली की सरळ मोरीत जायची. लॅबचे कपडे काढल्याशिवाय ती कशाला हात लावायची नाही. संतोष दुकानात असायचा. अंगणात मी एकटी. सड्याने सगळं अंगण ओलंच असायचं, मग गाडीखाली ओलं आहे हे कुणाच्या नजरेला यावं? मी लपवत नव्हते. सांगण्यासारखं त्यात काही आहे असं मला वाटलंच नाही. चूल पेटवली हे कुणी सांगतं का?

इथपर्यंतची मला लाज नाही. माहीत नव्हतं. माहीत नसणं हा काही गुन्हा नाही. जे सांगायचं आहे ते याच्या पुढचं आहे.

एका रविवारी संतोषने बाबू मिस्त्रीला घरीच बोलावलं. अंगणात गाडी वर उचलून चाक काढलं. घड्याळासारखं एक यंत्र त्याने डिस्कला टेकवलं आणि डिस्क हाताने फिरवली. काटा हलायला लागला. मी ओट्यावर सूप घेऊन हरभरे निवडत होते. अर्चना खांबाला टेकून उभी होती, संतोष बाबूच्या डोक्यावर.

"भाऊ, नवी डिस्क अशी जात न्हाई," बाबू म्हणाला. "दोनच कारणं. एक तर घाटात ब्रेक दाबून धरत्यात, न्हाईतर तापल्या चाकावर गार पानी पडतंय. लाल लोखंड पान्यात घातल्यावर जे हुतं तेच. गाडी आल्या आल्या धुता का?"

"न्हाई ओ," अर्चना म्हणाली. "रविवारी सकाळी धुतो. रातभर उभी असती तवा."

"मग ऱ्हायलं काय?" संतोष म्हणाला. "पाय."

बाबू हसला. "वहिनी, ब्रेक म्हंजी शिलाई मशिनचं पायडल न्हाई, का दिलं दाबून."

मला त्याच क्षणी कळलं. काही वेळ लागला नाही. चर्र आवाज कानात आला, वाफ डोळ्यांपुढे आली. सुपातला हात सुपात राहिला. सगळी माणसं समोर होती, प्रश्न अंगणात पडला होता, आणि त्याचं उत्तर एका वाक्याचं होतं — अरे, मी घालते पाणी. एवढंच. संतोष डोक्याला हात लावून हसला असता. बाबूने ती गंमत तिसगावभर सांगितली असती. अर्चनासुद्धा हसली असती. मग? हसले असते तर काय झालं असतं?

मी गप्प बसले असं म्हणायची मला सवय लागली आहे. मनातल्या मनात मी नेहमी असंच म्हणते, की मी गप्प बसले. ते खोटं आहे. मी बोलले.

मी म्हणाले, "बाबू मिस्त्री, चहा ठेवू का?"

तो म्हणाला, ठेवा मावशी. आणि विषय संपला.

परत नव्या डिस्का बसल्या. त्या दिवशी किल्ली संतोषच्या खिशात गेली. दुकानाला तो गाडीने जायला लागला, कधी नगरला माल आणायला, कधी शेवगावला. अर्चना फाट्यावर उभी राहून मिळेल त्या जीपने नगरला जायची. आणि त्याच संध्याकाळपासून मी चाकांवर पाणी घालणं बंद केलं. अंगणात सडा मारायचा तो गाडी सोडून, लांबून लांबून.

आता पुढे काय झालं असेल ते तुम्हाला दिसत असेल. गाडी बरी झाली. महिने गेले, थरथर नाही. संतोष दुकानात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा — गाडी तीच, डिस्का त्याच कंपनीच्या, घाट तोच, चालवणारा तेवढा बदलला. ऐकणारे माना डोलवायचे. यात कुणाला काय चुकीचं वाटणार? मलासुद्धा ऐकताना पटायचं. दोन गोष्टी एकाच दिवशी बदलल्या होत्या. एक सगळ्या गावाला दिसत होती. दुसरी मला एकटीला माहीत होती. मी पाणी थांबवलं ते गाडीसाठी थांबवलं असं मी स्वतःला सांगायचे, आणि त्या थांबवण्यानेच तिच्या पायावर शिक्का बसला.

मला अर्चनाचा राग होता का? लोक हेच विचारतील म्हणून आधीच सांगते. होता. ती वाईट नव्हती. माझ्या गुडघ्यांना तेल लावायची, माझ्या गोळ्या तीच आणायची. पण संध्याकाळी ती किल्ली हलवत दारात यायची आणि विचारायची, "आत्या, चहा ठेवलाय का?" माझ्या सासूला मी असं विचारलं असतं तर तिने चहाचं पातेलं अंगणात फेकलं असतं. मी चहा द्यायचे. कपबशी आपटत नव्हते, पण मनात आपटायचे. हे कारण म्हणून सांगत नाही. हे होतं, एवढंच सांगते.

जीपचा भरवसा नसतो. अर्चना उशिरा पोचायला लागली. उपाशीपोटी आलेली माणसं खोळंबायची, बोलायची. लॅबच्या डॉक्टरांनी तिला सकाळचं रक्त काढण्याचं काम काढून दुपारचं कागदांचं काम दिलं. तिला ते आवडत नव्हतं. लहान लेकराची शीर तिला एका टोचणीत सापडायची, आणि लोक नाव घेऊन तिच्याकडे यायचे, हे ती मला एकदा सांगत होती. मी भाजी चिरत ऐकत होते. एका परीने मला बरं झालं होतं. सकाळी ती घरात असायची. माझी भाकरी ती करायची, मला आयता चहा मिळायचा. खोटं कशाला बोलू? त्या चहाची मला चटक लागली होती.

मग एक दिवस जेवताना ती संतोषला म्हणाली, "एक महिना किल्ली द्या. सकाळची ड्युटी परत मागून घेते. गाडी परत हलली तर मी हात लावनार न्हाई. कधीच मागनार न्हाई."

संतोष लगेच हो म्हणाला नाही. माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, दे की. मोठ्या मनाने म्हणाले. त्याने किल्ली दिली.

काय जपून चालवायची ती. घाटात दुसऱ्या गिअरला उतरायची, मागून ट्रकवाले भोंगे वाजवायचे. घरी आली की मी न विचारता सांगायची, "आत्या, आज बी नीट हाय." रोज सांगायची. तिच्या तोंडावर मी बऱ्याच दिवसांनी हसू बघत होते. आणि मी ओट्यावर बसून काय करत होते? हिशोब.

गाडी महिनाभर नीट राहिली तर पायाचा दोष गेला. तो गेला की संतोष विचार करणार — मग आधी काय होत होतं? बाबूने कारणं दोनच सांगितली होती. एक खोटं ठरलं की दुसरंच उरतं. पाणी. आणि संध्याकाळी अंगणात बादली घेऊन कोण असतं? संतोष माझा मुलगा आहे, त्याचं डोकं तेवढं चालतं. त्या रविवारी मी सूप घेऊन तिथेच बसले होते, हेही त्याला आठवेल. आई, तू ऐकत होतीस ना? मग तो नुसता हसणार नाही. पहिल्या वेळी बोलले असते तर हसण्यावारी गेलं असतं. आता नाही. आता मी खोटारडी ठरणार होते, सुनेची नोकरी घालवणारी ठरणार होते.

तुम्ही म्हणाल, मग त्या वेळी तरी सांगायचं. हो.

मी पाणी टाकलं.

हेच ते. इतका वेळ याच्याभोवती फिरत होते. महिना संपत आला होता. एका संध्याकाळी ती गाडी लावून, "आज बी नीट," असं सांगून मोरीत गेली. मी हौदातून बादली भरली. गाडीपाशी गेले. वाकून पुढच्या चाकाजवळ हात नेला — गरम होतं. आत काय आहे ते आता मला ठाऊक होतं. त्याला डिस्क म्हणतात, ती तापलेली असताना गार पाणी पडलं तर वाकते, वाकली की गाडी थरथरते, थरथरली की अर्चना किल्ली परत देणार. सगळं ठाऊक असताना मी फटीतून पाणी ओतलं. सावकाश, सगळीकडे लागेल असं. आधी इकडचं चाक, मग बादली परत भरून तिकडचं. चर्र आवाज झाला तेव्हा मी मोरीच्या दाराकडे बघितलं. दार बंद होतं.

एकदा टाकून काही होईना. दुसऱ्या दिवशी ती परत म्हणाली, नीट हाय. मी परत टाकलं. त्याच्या पुढच्या दिवशीही. हात थरथरला का, डोळ्यांत पाणी आलं का, असं काही विचारू नका. काही झालं नाही. उलट इतक्या दिवसांत गाडी बिघडत का नाही म्हणून मी वैतागले होते. बाबूवर जसा संतोष वैतागायचा तसंच, आणि तेही पाणी ओतत असताना.

मग एके दिवशी ती आली आणि काही बोलली नाही. मोरीत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. संतोष जेवायला बसला तेव्हा तिने किल्ली त्याच्या ताटाशेजारी ठेवली.

"परत हलती," ती म्हणाली. "माझ्याच पायात दोष हाय. मला कळतच न्हाई मी काय करते ते."

संतोष एरवी बोलला असता. त्या दिवशी नुसता म्हणाला, "जेव आधी." मी दोघांना भाजी वाढली. तिला जास्त वाढली. अजून त्या जास्त वाढलेल्या भाजीची मला किळस येते.

डिस्का परत बदलल्या. बाबू मिस्त्री म्हणाला, मी सांगितलं हुतं. पुढे थोड्याच दिवसांत तिने लॅब सोडली. आता ती संतोषच्या दुकानात बसते, खताच्या गोण्यांमध्ये. गिऱ्हाईक मराठीत काय म्हणतं आणि पुडक्यावर इंग्रजीत काय लिहिलंय ते जुळवून देते. कुणाची सलाईन लावायची असली तर वस्तीवरची माणसं अजून तिलाच बोलावतात, आणि ती जाते. पायी. गाडी संतोष चालवतो. कागदावर अजून तिच्या नावाची आहे. ती त्याच्या शेजारी बसते, आणि घाट सुरू झाला की पाय वर घेऊन सीटवर मांडी घालते. मी मागे बसलेली असते, मला दिसतं. पाय खाली कशालाच टेकू नयेत असं बसते ती. कुणी तिला तसं सांगितलेलं नाही.

किती वेळा बोलावंसं वाटलं? खरं सांगू, फार वेळा नाही. चारचौघांसारखी मी सुखाने जेवले, झोपले. दुखणाऱ्या गुडघ्याची आठवण मला याच्यापेक्षा जास्त वेळा येते. दर वर्षी ती गोष्ट जुनी होत जाते आणि जुनी झाली की सांगायचं कारण कमी होतं, असं मी धरून चालले होते.

माझी नात, अर्चनाची मुलगी तनुजा, तेव्हा लहान होती, ती आता नगरला कॉलेजात जाते. एसटीने. गेल्या रविवारी दुपारी आम्ही सगळे घरात होतो. ती बापाला म्हणाली, मला गाडी शिकवा. संतोष काही म्हणायच्या आत अर्चनाच बोलली.

"नको गं. आपल्या पायाला अंदाज न्हाई. माझ्या न्हाई, तुझ्याबी नसंल. आपन एसटीनं जायाचं."

साधं बोलली. रंग सावळा आहे, केस विरळ आहेत, तसंच पायाला अंदाज नाही. तिने ते स्वतःचं म्हणून ठेवून घेतलं आहे, आणि आता लेकीला देते आहे.

तनुजा रडकुंडीला आली. आईला काही पटवता येत नाही म्हटल्यावर ती माझ्याकडे वळली. माझा हात धरला. "आजी, तू सांग ना हिला. तुझं ऐकती ती."

पहिल्यांदा प्रश्न बाबूने सगळ्यांना मिळून विचारला होता, म्हणून मी सटकले. या वेळी तो मला एकटीला विचारला होता, आणि माझ्याइतकं ते उत्तर या घरात कुणालाच माहीत नव्हतं. अर्चना माझ्याकडे बघत होती. मी काही तरी म्हणावं म्हणून थांबली होती.

मी म्हणाले, "आई म्हणती ते ऐक."

तनुजाने माझा हात सोडला. हे मी म्हणाले — गेल्या रविवारी, भर दुपारी, पूर्ण शुद्धीवर असताना.